रंगाऱ्याने सेन्सरही रंगवला

ऑफ सीझनला साखर कारखान्यात रंगारी शिरले की माझ्या पोटात गोळा येतो.

गाळप संपतं, मशिनरी उघडली जाते, दुरुस्त होऊन परत जोडली जाते आणि बॉयलर पेटवायचा मुहूर्त जवळ आला की रंगकाम निघतं. रंगाऱ्याला पैसे चौरस फुटावर. ब्रशसमोर येईल ते त्याचं. मोटर, पेडेस्टल, कपलिंग गार्ड, नेमप्लेट, ग्रीस निपल, सगळं एका रंगात. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आयडी फॅनच्या, म्हणजे बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगवर मी माझाच व्हायब्रेशन सेन्सर पाच मिनिटं शोधत होतो. तो तिथेच होता. बेअरिंगबरोबर, केबलबरोबर, केबल टायबरोबर इमानेइतबारे पोपटी झाला होता. कनेक्टरच्या नटावरसुद्धा दोन हात मारलेले. वर रंगाऱ्याने विचारलं, "साहेब, फिनिशिंग बरं आलंय न्हवं?"

बरं आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी सांगलीत राहतो. फिरत्या मशीनचं व्हायब्रेशन मोजायचं आणि तिच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचं, हा माझा धंदा. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्या, शिरोलीतल्या दोन-तीन फाउंड्री, इचलकरंजीकडच्या सूतगिरण्या. लोक मला स्पेक्ट्रमबद्दल, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर त्या आलेखाबद्दल विचारतात, सॉफ्टवेअरबद्दल विचारतात, हल्ली एआयबद्दलही विचारतात. सेन्सर खाली कशावर बसलाय, हे अठरा वर्षांत तिघांनी विचारलं असेल. त्यातले दोन फिटर होते.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

एका कारखान्यात आम्ही पहिल्यांदाच कायमचे सेन्सर बसवत होतो. त्याआधी महिन्यातून एकदा जाऊन, मॅग्नेट लावून रीडिंग घ्यायचो. एकूण बारा पॉइंट. अग्निप्रदीपनाला चार दिवस राहिलेले. अकरा पॉइंट नीट झाले. बारावा आयडी फॅनच्या मागच्या बेअरिंगचा. तिथे शेजारून पाण्याची लाइन गेली होती, ग्राइंडर आत जाईना. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. बॅगेत एम-सील होतं. प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या ओतीव घरावर, जुना रंग होताच. रंगावर एम-सील, एम-सीलवर पॅड, पॅडवर सेन्सर. हाताने हलवून बघितला, हालत नव्हता. गेलो घरी.

एम-सील टाकीची गळती थांबवायला फार गुणाचं. ते काम त्याचं, हे नव्हे. अक्कल माझी कमी पडली.

फॅन तसा मध्यम आकाराचा. २५० किलोवॅटची सहा पोलची मोटर, ९९० आरपीएम, बेअरिंग २२२२२ के, स्लीव्हवर बसवलेलं, शाफ्ट १०० मिमीचा. जानेवारीत त्या पॉइंटचं रीडिंग आलं २.२ मिमी प्रति सेकंद. या आकाराच्या, कडक पायावरच्या मशीनला आयएसओ १०८१६-३ या मानकात १.४ ते २.८ म्हणजे 'बी' झोन, खुशाल चालवा. (आता त्याची जागा २०८१६-३ ने घेतली आहे.) मी रिपोर्टमध्ये 'समाधानकारक' लिहिलं. नवव्या दिवशी पहाटे बेअरिंग गेलं.

आयडी फॅन थांबला की भट्टीतला धूर ओढणारं कोणी उरत नाही. बॉयलर उतरवावा लागतो. वाफ गेली की मिल थांबते, पॅन थांबतात. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागलेली, तोडून आणलेला ऊस वाळतोय आणि काट्यावर चढायच्या आधीच वजनाला घटतोय. तोडणीवाला आणि शेतकरी दोघंही कुणाला शिव्या देत असतील ते समजा. चौदा तास लागले. चीफ इंजिनिअर साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझा रिपोर्ट टेबलावर उघडून ठेवला होता, 'समाधानकारक'खाली पेनाने रेघ मारून. बोलले असते तर बरं झालं असतं.

बेअरिंग उघडलं तर बाहेरच्या रेसवर (रोलर जिच्यावर फिरतात ती कडी), लोड येतो त्या भागात, रुपयाच्या नाण्याएवढा पापुद्रा उडालेला आणि त्याच्यापुढे बोटभर माग. हे नऊ दिवसांत होत नाही. मी 'समाधानकारक' लिहीत होतो तेव्हा तो खड्डा तिथे होता.

मग रीडिंगमध्ये का नाही दिसला?

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिमी प्रति सेकंदवालं जे रीडिंग असतं ते साधारण १० ते १००० हर्ट्झमधलं. अनबॅलन्स, मिसअलाइनमेंट, सैल पाया हे सगळं त्यात पकडलं जातं. बेअरिंगमधल्या खड्ड्याचं तसं नसतं. प्रत्येक रोलर खड्ड्यावरून जाताना 'टक्' असा अगदी बारीक, तीक्ष्ण ठोका बसतो आणि त्याने बेअरिंग काही हजार हर्ट्झला वाजतं, पितळी तांब्याला नख मारल्यासारखं. सुरुवातीला खड्ड्याची बातमी असते ती फक्त तिथे, वरच्या पट्टीत. खाली मिमी प्रति सेकंदात ती उतरते तेव्हा बहुतेक वेळा वरात निघून गेलेली असते. म्हणून आम्ही वरची पट्टी वेगळी मोजतो, एन्व्हलप म्हणतात तिला.

गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली की घरात काय ऐकू येतं? ढोल. धुम धुम धुम. ताशा ऐकू येत नाही. ताशा तिकडे तितक्याच जोरात वाजत असतो, पण मधल्या भिंती, घरं, झाडं त्याची कडकड खाऊन टाकतात आणि ढोल तेवढा पोहोचू देतात. माझ्या सेन्सरखालचं एम-सील आणि रंग म्हणजे त्या दोन गल्ल्या. फॅनचा १६.५ हर्ट्झचा ढोल सेन्सरला चोख ऐकू येत होता. बेअरिंगचा ताशा वाटेतच मेला.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. त्या पॉइंटचं एन्व्हलप रीडिंगही माझ्याकडे होतं. बारा पॉइंटांत सगळ्यात कमी. राख खाणाऱ्या फॅनचं मागचं बेअरिंग, आणि त्याचं रीडिंग स्वच्छ खोलीतल्या पंपापेक्षा कमी! शहाण्याला तिथेच शंका आली असती. मला बरं वाटलं.

नंतर मी खात्री करून घेतली. दुसऱ्या एका फॅनवर बेअरिंग नुकतंच खराब व्हायला लागलेलं. तिथे शेजारी-शेजारी दोन सेन्सर लावले, एक घासलेल्या लोखंडावर स्टडने, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टने, आणि एक रंगावर पुटीने. फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीला दोघं जुळे भाऊ. काही शे हर्ट्झपर्यंतही तक्रार नाही. २००० च्या वर स्टडवाल्याच्या स्क्रीनवर कणसासारखे दाणे आणि पुटीवाल्याच्या स्क्रीनवर नांगरलेलं रान.

ढोबळ हिशोब असा. हातात धरून दांडी टेकवली तर हजार हर्ट्झच्या आतबाहेर, त्यापुढचं सगळं हाताचं. मॅग्नेट लावला तर दोनेक हजारापर्यंत भरवसा, जागा सपाट आणि स्वच्छ असेल तर आणखी थोडं वर. चांगल्या कडक इपॉक्सीने चिकटवलेलं पॅड त्याहून बरंच वर जातं. आणि स्टडने घट्ट बसवलेला सेन्सर दहा हजारापर्यंत आणि पुढेही खरं बोलतो. मॅग्नेटबद्दल एक जाता जाता. तो खटकन चिकटवायचा नाही. आधी एक कड टेकवायची, मग हळूच आडवा करायचा. मॅग्नेट ओढून घेतो तेव्हा आतल्या क्रिस्टलला बसणारा धक्का मशीनच्या व्हायब्रेशनपेक्षा कितीतरी पटीने मोठा असतो. पोरं ते 'टक्क' आवाजाला शाबासकी समजतात.

पुढच्या ऑफ सीझनला आम्ही तो प्लमर ब्लॉकच खाली उतरवला. 'आम्ही' म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा तिथले जुने फिटर, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे, टूलरूममध्ये हाडं झिजवलेले. मला 'साहेब' म्हणतात, पण चुकलो की आवाज चढवतात.

जागा निवडण्यातच अर्धा तास गेला. बेअरिंगपासून सेन्सरपर्यंत सलग लोखंड हवं. मध्ये गॅस्केट नको, पत्रा नको, शक्यतो सांधासुद्धा नको. वरच्या टोपीचा पातळ भाग सोडून आम्ही खालच्या अर्ध्या भागात, शाफ्टच्या उंचीजवळची जाड जागा घेतली. मोटरवर सेन्सर बसवताना लोक हमखास पंख्याच्या पत्र्याच्या टोपणावर नाहीतर बॉडीच्या फिनवर बसवतात, कारण तिथे जागा मोकळी असते. ते टोपण स्वतःच पत्र्याच्या छपरासारखं थडथडत असतं. ते मोजून काय करायचं?

अण्णांनी आधी ड्रॉइंग मागितलं. ड्रिल किती खोल गेलं म्हणजे आतल्या ग्रीसच्या पोकळीत उतरेल, हे मोजून त्यांनी ड्रिलला चिकटपट्टीची खूण बांधली. मग ज्या गोष्टीला सगळे कंटाळतात ती, स्पॉट फेसिंग. सेन्सरचा बूड बसतो तेवढी गोल जागा, जराशी मोठीच, कटरने सपाट करायची आणि भोक त्या सपाटीला अगदी काटकोनात हवं. ओतीव लोखंडाची करडी भुकटी खाली पडत होती आणि आत चांदीसारखी टिकली उघडी पडत होती. अण्णांनी बोट फिरवलं, नख फिरवलं. मग सेन्सरच्या बुडाला ब्लू, म्हणजे सपाटी तपासायचा निळा रंग, लावून नुसता टेकवला आणि उचलला. एका बाजूला चंद्रकोरीएवढीच निळी खूण.

"तिरकं हाय."

"अण्णा, केसाएवढं असेल. स्टडने ओढून घेईल की."

"वडून घील, पर बसणार न्हाई. लगीन लावून दिल्यागत हुईल."

परत कटर. तिसऱ्या वेळेला पूर्ण गोल उमटला.

आटे पाडायचे होते पाव इंची, इंचाला अठ्ठावीसचे. बऱ्याच सेन्सरच्या बुडाला हेच आटे असतात. आपल्या स्टोअरमध्ये हा टॅप नसतो, एम-६ असतो. दुसऱ्या एका ठिकाणी एका हौशी माणसाने पाव इंचीच्या भोकात एम-६चा बोल्ट स्टड म्हणून पिरगाळलेला मी पाहिलाय. थोडा आत जातो, मग पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, जुळत नाही म्हणून अडकतो. अडकला की माणसाला वाटतं घट्ट झाला. सेन्सर वर डुलत राहतो आणि स्पेक्ट्रममध्ये फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीच्या पटीत दातांची रांग उभी राहते. मशीनचा पाया सैल झालाय म्हणून त्यांनी दोनदा फाउंडेशन बोल्ट आवळले होते. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत पाव-अठ्ठावीसचा टॅप कायम असतो. बॅगेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा उसना मागितला जाणारा ऐवज.

भोकाच्या तोंडाला हलकीशी चांफर मारली, म्हणजे कड तिरकी कापली, नाहीतर पहिल्या आट्याची कड वर उठते आणि सेन्सर तिच्यावर बसतो. स्टड भोकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकला तर सेन्सर स्टडवर उभा राहतो, लोखंडावर बसत नाही. सपाटीवर सिलिकॉन ग्रीसचा पापुद्र्याएवढा हात. हे ग्रीस आपल्याला न दिसणाऱ्या खाचा भरून काढतं आणि ताशा आणखी थोडा वरपर्यंत ऐकू येतो. मग टॉर्क रेंच, साधारण ३ ते ५ न्यूटन-मीटर. पाइप पाना लावून सेन्सरचं षटकोनी अंग पिरगाळणाऱ्या माणसाला माझ्या सेन्सरपासून दहा फूट लांब ठेवायचं.

सगळं झाल्यावर अण्णा म्हणाले, "आता पडला तर ब्लॉकासकट पडंल."

हे झालं बसवणं. पण खरं सांगू, नीट बसवलेला सेन्सर मशीनमुळे फार क्वचित मरतो. त्याला मारतात ती माणसं, पाणी आणि उंदीर.

सेन्सर दिसायला एखाद्या गोल खुंटीसारखा असतो, आणि खुंटी दिसली की माणूस काहीतरी अडकवतोच. मी सेन्सरला हेल्मेट, चिंध्यांची पिशवी आणि एकदा जेवणाचा डबा लटकलेला पाहिलाय. प्लमर ब्लॉकवर चढायला पहिली पायरी म्हणूनही त्याला मान असतो. म्हणून वर गार्ड लागतो. गार्ड म्हटलं की फॅब्रिकेशनवाला दोन मिमी पत्र्याचा सुबक डबा बनवून आणतो. एकाने तर कमालच केली. डब्याचा पाय पट्टीसारखा वाकवून, भोक पाडून, थेट सेन्सरच्या खाली वॉशरसारखा सरकवला आणि वरून सेन्सर आवळला. वेगळं भोक पाडायचा त्रास वाचला! त्या फॅनला दहा पाती. ९९० आरपीएमला पाती जाण्याची फ्रिक्वेन्सी १६५ हर्ट्झ. डब्याची स्वतःची थरथर नेमकी त्याच्या आसपास. रीडिंग एका रात्रीत अडीच पट. इम्पेलर, म्हणजे फॅनचं पात्यांचं चाक, धुऊन काढायची तयारी चालली होती. फॅन बंद असताना मी गार्डला बोटाने टिचकी मारली आणि स्क्रीनवर १६५ च्या शेजारीच टेकडी उभी राहिली. गार्ड काढला, रीडिंग जागेवर.

आता मी चार इंची पाइपचा तुकडा उभा चिरून अर्धगोल करून घेतो, आणि तो बेअरिंगच्या ब्लॉकवर न बसवता खालच्या फ्रेमवर बसवतो. सेन्सर आणि गार्ड यांच्यात बोट फिरेल एवढी जागा. खालची बाजू उघडी. बंद डब्यात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा असा गच्च भरतो की चिमणीचं घरटं वाटावं. मग तो पाणी धरतो, सेन्सरला टेकतो, गरम होतो. आयडी फॅनजवळ हेच काम राख करते. ओली झाली आणि सुकली की सिमेंटच.

पाण्याचं म्हणाल तर, क्लीनिंगच्या दिवशी मिल हाउसमध्ये होज पाइप घेतलेल्या माणसाला कोण अडवणार? त्याला धुवायला सांगितलेलं असतं, तो धुतो. सेन्सर स्वतः सीलबंद असतो, पाणी शिरतं कनेक्टरमध्ये. घराच्या मीटरला येणारी वायर आपण खाली झोळ देऊन मग वर नेतो, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, मीटरमध्ये जात नाही. तीच युक्ती इथे. केबल सेन्सरमधून निघाली की आधी खाली झोळ, मग वर. जंक्शन बॉक्समध्ये केबल खालून शिरली पाहिजे, वरून कधीच नाही. कनेक्टरवर सिलिकॉनचं बूट आणि आत सिलिकॉन ग्रीस. केबलला सेन्सरपासून वीतभर अंतरावर क्लॅम्प, त्याच्या आत थोडी सैल. क्लॅम्प नसला तर केबल हवेत फटके मारत राहते आणि महिनाभरात कनेक्टरच्या मानेत तुटते. फार ताणून बांधली तर तीच सेन्सरला ओढत राहते.

उंदरांना मी हरलो होतो. ऊस, गूळट वास आणि उबदार केबल ट्रे, त्यांचा स्वर्ग तो. एका हंगामात तीन केबली कुरतडल्या. शेवटी सगळ्या केबली लोखंडी लवचिक पाइपातून घेतल्या आणि पाइपाची दोन्ही तोंडं बंद केली. पहिल्या वेळी तोंडं बंद करायला विसरलो होतो. तेव्हा उंदरांनी त्या पाइपात बाळंतपण उरकलं.

केबल तुटली की स्क्रीनवर काय दिसतं? शून्य. म्हणजे उत्तम मशीन! म्हणून रीडिंग बघायच्या आधी मी मल्टिमीटर बघतो. हे सेन्सर दोनच तारांवर चालतात. त्याच तारांवरून त्यांना स्थिर करंट मिळतो आणि त्याच तारांवरून सिग्नल येतो. २४ व्होल्टची सप्लाय असली तर ठणठणीत सेन्सरवर साधारण १२ व्होल्ट डीसी दिसतात, दोन कमी-जास्त. पूर्ण २४ दिसले तर पुढे कुठेतरी तार तुटली आहे किंवा कनेक्टर निघालाय. शून्य दिसलं तर शॉर्ट. १२ च्या जागी ५-६ वर लोळत असेल तर सेन्सर आजारी आहे किंवा कनेक्टरमध्ये ओल आहे. एक मिनिटाचं काम. आणि शील्ड, म्हणजे केबलमधलं तारांभोवतीचं धातूचं वेष्टण, एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली की स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झचा खांब उभा राहतो आणि मग मोटरमध्ये नसलेला दोष सगळे शोधत बसतात.

वेल्डिंगचं वेगळं सांगायला हवं. वेल्डर अर्थची पट्टी जवळ सापडेल त्या लोखंडाला लावतो. ती मशीनच्या एका बाजूला आणि वेल्डिंग दुसऱ्या बाजूला असेल तर सगळा करंट बेअरिंगमधून जातो. बेअरिंगच्या रेसवर चटके बसतात आणि वाटेत केबलच्या शील्डमधून पळायला रस्ता सापडला तर सेन्सरमधलं इलेक्ट्रॉनिक्सही जातं. एका दुपारी चार सेन्सर गेले. त्या वेल्डरचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता ऑफ सीझन सुरू झाला की आधी सगळे सेन्सर काढून, नंबर टाकून, डब्यात. उघड्या भोकांना प्लास्टिकच्या टोप्या.

को-जनच्या, म्हणजे कारखान्याच्या वीजनिर्मितीच्या, टर्बाइनचं प्रकरण आणखी निराळं. तिथे आतल्या शाफ्टकडे बघणारे प्रोब असतात, एकमेकांशी ९० अंशात, उभ्यापासून ४५-४५ वर. शाफ्टला न टेकता ते गॅप मोजतात. ८ मिमीचा प्रोब साधारण उणे १० व्होल्टला लावायचा, म्हणजे सव्वा-दीड मिलिमीटर गॅप. प्रत्येक मायक्रॉनला ७.८७ मिलिव्होल्ट. इथे दोन गोष्टींत हमखास गडबड होते. प्रोब, एक्स्टेन्शन केबल आणि ड्रायव्हर (प्रोब चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ही जुळलेली त्रिकुटं असतात. पाच मीटरच्या सेटमध्ये नऊ मीटरची केबल घुसवली की आकडा येतो, पण खोटा. दुसरी, आतल्या कनेक्टरवर पीव्हीसी टेप गुंडाळणं. गरम तेलात तिचा गोंद वितळून लगदा होतो, कनेक्टर उघडा पडून केसिंगला टेकतो आणि टर्बाइन विनाकारण ट्रिप. तिथे प्रोबवाल्यांनीच दिलेलं संरक्षक बूट वापरायचं. टर्बाइनवर अजून बरंच लिहिता येईल, पण ते परत कधीतरी.

वायरलेस सेन्सरबद्दल मला रोज एक फोन येतो. आहेत कामाचे. केबल नाही, उंदीर नाहीत. पण ते तरी कशावर चिकटवताय? रंगावर चिकटवला तर ताशा तिथेही मरतोच. एका ठिकाणी सुरक्षा म्हणून वायरलेस सेन्सरवर चहूबाजूंनी बंद असा स्टीलचा डबा बसवला होता आणि तक्रार होती की नेटवर्क येत नाही.

दसऱ्याला मात्र मी गप्प बसतो. खंडेनवमीला प्रत्येक मशीनला हळद-कुंकू, झेंडूची माळ. सेन्सर मशीनचाच एक अवयव, त्यालाही बोट लागतं. अण्णा हळूच कुंकू गार्डवर लावतात आणि माळ मोटरच्या आयबोल्टला बांधतात. पोरांना सांगतात, "त्येला हात लावू नगा, त्यो सोवळ्यातला हाय."

या ऑगस्टमध्ये मी रंगाऱ्यांच्या आधीच पोहोचलो. बाराही सेन्सर काढले होते. भोकात टोप्या, टोपीभोवती सपाट केलेल्या जागेवर ग्रीस, त्यावर कापडी टेपची गोल टिकली. मुकादमाला जवळ बोलावून एकेक टिकली दाखवली. म्हटलं, दादा, ह्याला ब्रश लावायचा नाही. तो म्हणाला, लावत नाही.

आठ दिवसांनी गेलो. बाराच्या बारा टिकल्या पोपटी, कडेने अगदी बेतशीर. अण्णा माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे होते. मी आयडी फॅनच्या मागच्या बेअरिंगपाशी गुडघ्यावर बसलो, नखाने टिकलीची कड उचलली आणि ओढली. रंगाचा पापुद्रा टेपबरोबर सुटून आला. खाली रुपेरी गोल, ग्रीसने ओलसर, कोरा.

"ब्लू आणू का?" अण्णांनी विचारलं.